शहर वसवण्याचे आणि संसार मांडण्याचे खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली पंचवीसेक वर्षं मी हे खेळ खेळतो आहे आणि ओळखीतल्यांनाही खेळायला लावतो आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो. भर 'सिमसिटी', 'द सिम्स' आणि 'सिटीज: स्कायलाइन्स' या तिघांवर आहे, कारण हे तीन मी तळापर्यंत खेळलो आहे.

हे नेमके कसले खेळ?

एका प्रकारात तुमच्या हातात मोकळी जमीन, थोडा पैसा आणि एक नदी येते. रस्ते आखा, वीज-पाणी पोचवा, कर ठरवा. लोक आपणहून राहायला येतात, आणि नाही पटलं तर निघूनही जातात. दुसऱ्या प्रकारात एक घर आणि त्यातली चार माणसं असतात. त्यांना जेवायला, झोपायला, नोकरीला पाठवायचं, त्यांची भांडणं निस्तरायची. पहिल्याचं मूळ 'सिमसिटी', दुसऱ्याचं 'द सिम्स'. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघाले.

तो माणूस कोण? सुरुवात कशी झाली?

विल राइट. १९८४ साली या अमेरिकन प्रोग्रामरने कमोडोर ६४ या संगणकासाठी हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकायचा 'रेड ऑन बंगेलिंग बे' हा खेळ केला. ती बेटं आखण्यासाठी त्यांनी स्वतःपुरतं एक साधन बनवलं होतं, त्यात किनारे, रस्ते, कारखाने मांडता यायचे. खेळ बाजारात गेला, तरी राइट त्या साधनापाशीच बसून राहायचे. बेट उडवण्यापेक्षा ते रचण्यात त्यांचं मन जास्त रमायला लागलं.

मग त्यांनी वाचायला घेतलं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतले जे फॉरेस्टर यांनी १९६९ साली शहरं कशी वाढतात आणि कशी कुजतात याचं एक गणिती प्रारूप मांडलं होतं, ते त्यांनी अभ्यासलं. पोलिश लेखक स्तानिस्वाफ लेम यांच्या एका कथेचाही त्यांच्यावर प्रभाव होता. तीत एक यंत्रकार हद्दपार राजाला रमवायला पेटीत मावेल एवढं राज्य करून देतो आणि पुढे प्रश्न पडतो, की त्या पेटीतल्या माणसांचं दुःख खरं मानायचं की नाही. हा प्रश्न या खेळांना अजून सोडून गेलेला नाही. 'द सिम्स'मध्ये फुकटचे पैसे मिळवायचा पहिला परवलीचा शब्द 'क्लापॉशियस' होता. ते लेम यांच्या त्या कथामालेतल्या दुसऱ्या यंत्रकाराचं नाव!

प्रकाशकांना हे पटेना. खेळ आहे तर जिंकायचं कुठे, हरायचं कुठे? ब्रॉडरबंड या कंपनीने म्हणूनच तो बाजूला ठेवला. १९८७ साली राइट यांनी जेफ ब्रॉन यांच्यासोबत मॅक्सिस ही स्वतःची कंपनी काढली आणि १९८९ मध्ये 'सिमसिटी' आला. तेव्हा वितरणाला ब्रॉडरबंडच होती.

ज्यात जिंकायचंच नाही त्याला खेळ का म्हणायचं?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारला की मला नवल वाटतं, कारण आपण असे दोन खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलो आहोत. भातुकलीत कोण जिंकतं? बोळक्यांत चुरमुऱ्यांचा भात शिजतो, बाहुलीला ताप येतो, पाहुणे येतात, खोटा चहा होतो, आणि आईने हाक मारली की सगळं परडीत भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी संसार पुन्हा पहिल्यापासून. 'द सिम्स' हा माझ्या लेखी भातुकलीचाच खेळ आहे.

आणि 'सिमसिटी' म्हणजे दिवाळीचा किल्ला. आजोळी आम्ही वसुबारसेच्या आधीच माती, दगड, पोती गोळा करायचो. गोणपाटावर चिखल थापून डोंगर करायचा, त्यावर अळीव पेरायचे, बुरुज, पायवाट, वर सिंहासनावर महाराज. मग खाली गाव वसायचं. विहीर, देऊळ, बाजार, शेत, आणि कुणाच्या तरी खेळण्यातली एसटीही. सगळं मांडून झालं म्हणजे झालं, असं कुणाला वाटायचं नाही. सकाळी उठून अळीव किती उगवले ते बघायचं, पाणी मारायचं, रात्रीत मांजराने पाडलेला बुरुज सावरायचा. ओढ त्या सांभाळण्याची होती.

या खेळांत माणूस वर्षानुवर्षं का रमतो, याचं माझं उत्तर हेच आहे. शत्रूला हरवायचा खेळ हरवून झाला की संपतो. ज्याचं पाणी आपल्याला द्यायचं आहे, त्याच्याकडे परत जावंसं वाटतं.

शहर आतून चालतं कसं?

मूळ 'सिमसिटी'ची जमीन म्हणजे १२० आडवे आणि १०० उभे चौकोन. तुम्ही घर बांधत नाही, जमीन नेमून देता: हिरवी निवासी, निळी व्यापारी, पिवळी औद्योगिक. बांधायचं की नाही ते शहर ठरवतं. प्रत्येक चौकोनाला जमिनीची किंमत, प्रदूषण, गुन्हेगारी, रहदारी असे आकडे असतात, आणि ते शेजारच्या चौकोनांत पसरतात. कारखान्याचा धूर पलीकडच्या गल्लीत जातो, तिथली किंमत उतरते, बरी माणसं निघून जातात, रिकाम्या घरांत गुन्हे वाढतात, चौकी टाकावी लागते, त्यासाठी कर वाढवावा लागतो आणि आणखी माणसं जातात.

शेजाऱ्यावरून स्वतःचं भवितव्य ठरवणाऱ्या चौकोनांची कल्पना गणितज्ञ जॉन कॉनवे यांच्या 'गेम ऑफ लाइफ'मधून राइट यांना भावली होती. १९७० सालची ती करामत, नियम जेमतेम चार आणि पडद्यावर मात्र जिवंत काहीतरी सरपटताना दिसतं.

पुढच्या खेळांनी पद्धत बदलली. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या कोलोसल ऑर्डर या डझनभर माणसांच्या कंपनीने मार्च २०१५ मध्ये 'सिटीज: स्कायलाइन्स' आणला. त्यात प्रत्येक रहिवाशाला नाव, घर आणि कामाची जागा आहे. एखाद्या मोटारीवर टिचकी मारली की ती कुठून कुठे चालली आहे ते दिसतं. माणसांची अशी ओळख पटली की त्यांच्यासाठी जीव तुटायला लागतो.

माझ्या शहरात सगळे एकदम आजारी पडले. काय चुकलं?

नदी बघा. दहांतल्या नऊ वेळा पाणी खेचणारा पंप सांडपाण्याच्या नळाच्या खालच्या अंगाला बसवलेला असतो.

माझ्या भाचीने 'स्कायलाइन्स'मध्ये पहिलं गाव वसवलं तेव्हा मी शेजारी मुद्दाम गप्प बसलो होतो. पंप आणि गटार दोन्ही तिने जवळजवळ ठेवले, पाइप कमी लागावा म्हणून. थोड्या वेळाने घरांवर आजारपणाच्या खुणा उमटल्या. तिने दवाखाना बांधला. खुणा वाढल्या. दुसरा दवाखाना बांधला. पैसे संपत आले. मग तिने नकाशा जवळ आणला आणि विचारलं, "मामा, नदीत हे तपकिरी काय आहे?" मी म्हटलं, "पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते बघ." ती बराच वेळ बघत राहिली. नंतर एक शब्दही न बोलता तिने पंप उचलून वरच्या अंगाला नेला. दवाखाने आपोआप रिकामे झाले.

नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. पण वरच्या अंगाला राहून ते कळणं अवघड असतं, आणि ते कळायला हा खेळ फार चांगला आहे.

आणि सगळीकडे एकदम शववाहिका का फिरायला लागतात?

तुम्ही एका दमात मोठी वसाहत उघडलीत म्हणून. एकाच वेळी आलेले लोक साधारण एकाच वयाचे असतात, म्हणजे म्हातारेही एकत्रच होतात. त्या काळात स्मशानभूमी कमी पडते, शववाहिका रहदारीत अडकतात, घरं ओस पडतात. उपाय: वसाहत टप्प्याटप्प्याने वाढवा. माझं पहिलं मोठं शहर याच कारणाने अर्धं रिकामं झालं होतं.

रस्ता सहापदरी केला तरी कोंडी सुटत नाही. का?

कारण कोंडी रस्त्यावर नसते, चौकात असते. 'स्कायलाइन्स'मधला चालक पुढच्या वळणाची मार्गिका फार आधी धरतो. त्यामुळे पाच मार्गिका मोकळ्या आणि सहावीत मैलभर रांग, असं दृश्य दिसतं. चौक कमी करा, दोन चौकांतलं अंतर वाढवा, सिग्नलऐवजी वर्तुळाकार चौक करून बघा, कारखान्यांना महामार्गाची वेगळी वाट द्या. आणि चालत जायच्या वाटा बांधा. या खेळातली माणसं आवडीने चालतात, दोन वस्त्यांमध्ये साधा पादचारी पूल टाकला की शेकडो मोटारी कमी होतात. मेट्रोच्या आधी हे करा.

मूळ 'सिमसिटी'त याहून सोपी युक्ती होती. रस्ते बांधायचेच नाहीत, नुसते रूळ टाकायचे. कोंडीही नाही, प्रदूषणही नाही. खेळाच्या गणितात रेल्वेला इतकं झुकतं माप होतं.

'द सिम्स' घराच्या आगीतून जन्मला, हे खरं का?

बऱ्याच अंशी. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, त्यात राइट यांचं घर जळालं. नंतर टूथब्रशपासून सगळं नव्याने घेताना कोणती वस्तू आपल्याला का लागते, हा विचार त्यांच्या मनात घोळत राहिला. घराच्या रचनेवरचा खेळ करायचा म्हणून सुरुवात झाली होती. रचना चांगली की वाईट हे ठरवायला घरात माणसं ठेवली, आणि माणसंच खेळ घेऊन गेली. फेब्रुवारी २००० मध्ये 'द सिम्स' आला. दोन वर्षांत तो तोवरचा सर्वाधिक खपलेला पीसीवरचा खेळ ठरला.

त्याची आतली युक्ती मला अजून थक्क करते. माणसाला आठ गरजा असतात: भूक, आराम, स्वच्छता, शौच, झोप, करमणूक, सोबत आणि नीटनेटकी खोली. पण काय केल्याने कोणती गरज भागते, हे माणसाला ठाऊकच नसतं. ते वस्तूंना ठाऊक असतं. फ्रिज हाक मारत असतो, 'माझ्याकडे या, भूक भागेल'. पलंग म्हणतो, 'झोप मिळेल'. ज्याची गरज जास्त पेटलेली, त्याला ती हाक मोठी ऐकू येते. म्हणून नवी वस्तू घरात आली की माणसांना तिच्याशी कसं वागायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. खेळात भर घालणारे इतके संच निघू शकले, ते या रचनेमुळे.

ही माणसं कोणती भाषा बोलतात?

सिमलिश. खरी भाषा वापरली असती तर तीच तीच वाक्यं ऐकून चार दिवसांत कंटाळा आला असता. म्हणून स्टीव्हन केअरिन आणि जेरी लॉलर या अभिनेत्यांनी उत्स्फूर्तपणे अर्थहीन बोलून ती घडवली. 'सुल सुल' म्हणजे नमस्कार, 'डाग डाग' म्हणजे येतो, 'नूबू' म्हणजे तान्हं बाळ. शब्द कळत नाहीत, सूर कळतो, आणि उरलेलं संभाषण तुम्ही मनात आपल्या भाषेत भरता. माझ्या घरातले सिम्स भांडताना मला तरी नेहमी मराठीतच ऐकू आले आहेत. या तिन्ही खेळांचे मेनू मराठीत नाहीत, पण भाचीला त्यामुळे कधी अडलेलं मी पाहिलं नाही.

पोहण्याच्या तलावाची शिडी काढून माणूस बुडवणं... हे वाईट नाही का?

जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी केलेलं असतं. जुन्या 'सिम्स'मध्ये शिडीशिवाय बाहेर येताच यायचं नाही. मी याला क्रूरपणा म्हणणार नाही. मूल बाहुलीचं डोकं उपटून आत काय आहे ते बघतं, तसंच हे कुतूहल आहे. लक्ष द्यायचं ते पुढे काय होतं याकडे. अंगणात थडगं उभं राहतं, रात्री भूत येतं, घरातली उरलेली माणसं त्या थडग्यापाशी उभी राहून रडतात. बहुतेक जण दुसऱ्यांदा शिडीला हात लावत नाहीत.

चीट कोड (फुकटचे पैसे वगैरे देणारे परवलीचे शब्द) वापरले तर लाज वाटायचं कारण आहे का?

अजिबात नाही. हरवायलाच कुणी नसताना फसवणार कुणाला? 'सिम्स'मध्ये 'मदरलोड' लिहून पन्नास हजार सिमोलियन (तिथलं चलन) घ्या आणि मनासारखं घर बांधा. पहिल्या 'सिमसिटी'त 'फंड' लिहिलं की दहा हजार डॉलर मिळायचे, पण हावरटपणा केला की भूकंप व्हायचा. तरी एक शहर मात्र उधारी-उसनवारीशिवाय चालवून बघा. तुटीच्या अर्थसंकल्पात शाळा उघडायची की अग्निशमन केंद्र, हे ठरवताना जो घाम फुटतो तो भरल्या तिजोरीत फुटत नाही.

यातून खरी नगररचना शिकता येते का?

प्रश्न विचारायला शिकता येतं. उत्तरं मात्र जपून घ्या, कारण खेळातला प्रत्येक नियम कुणीतरी आपल्या समजुतीने लिहिलेला असतो. फॉरेस्टर यांच्या प्रारूपाने स्वस्त घरं बांधल्याने शहराचं नुकसान होतं असा निष्कर्ष काढला होता, आणि त्यावर तेव्हाच सडकून टीका झाली. मूळ 'सिमसिटी'त खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी इमारतच नाही, म्हणजे पुण्यातल्या पेठा किंवा गिरगाव त्यात उभंच राहू शकत नाही. २०१३ च्या 'सिमसिटी'चे प्रमुख रचनाकार स्टोन लिब्रांडे यांनी सांगितलं होतं, की खऱ्या अमेरिकन दुकानांभोवतीचे वाहनतळ मोजले तेव्हा ते चकित झाले. तेवढी जागा खेळात दाखवली असती तर सगळं शहर वाहनतळच दिसलं असतं, म्हणून त्यांनी ती आक्रसून टाकली. खेळणाऱ्याला त्यातलं काहीच जाणवत नाही.

फिलिपाइन्समधल्या वास्तुरचनेच्या एका विद्यार्थ्याने 'सिमसिटी ३०००' मध्ये आकडेमोडीने साठ लाख लोकवस्तीचं 'मॅग्नासांती' बांधून हे टोकाला नेऊन दाखवलं. रस्ते नाहीत, नुसती भुयारी रेल्वे, सगळीकडे पोलीस, आणि पन्नाशीपलीकडे कुणी जगत नाही. आकड्यांच्या हिशेबात परिपूर्ण शहर. २०१० साली ते जगापुढे आलं. त्याची चित्रफीत बघून मला रात्री झोप लागली नव्हती.

उलट खेळ आणि वास्तव जुळलं की अंगावर काटा येतो. नवी मुंबई आठवा. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे शहर वसवायची कल्पना मांडली, १९७० साली सिडको स्थापन झाली, सेक्टर आखले गेले. रस्ते झाले, घरं झाली, पण लोकल वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. जमीन नेमून दिली तरी ये-जा नीट नसेल तर शहर अडखळतच वाढतं, हे खेळणाऱ्या प्रत्येकाने छोट्या पडद्यावर अनुभवलेलं असतं.

सगळ्यात जुना 'सिमसिटी' आज मिळेल का?

मिळेल, तोही फुकट आणि कायदेशीर. मुलांना स्वस्त लॅपटॉप देणाऱ्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमासाठी २००८ साली त्याचा मूळ कोड 'मायक्रोपोलिस' या नावाने खुला केला गेला. त्या उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट इथल्या शाळेत झाला होता. मायक्रोपोलिस अगदी जुन्या संगणकावरही चालतो.

सुरुवात कुठून करू?

शहराची आवड असेल तर पहिला 'स्कायलाइन्स' घ्या, सवलतीत तो बराच स्वस्त मिळतो. त्याला रॅम मात्र चांगली लागते. माणसांची आवड असेल तर 'द सिम्स ४'. त्याचा मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून मोफत आहे, भराभर संच विकत घेऊ नका. संगणक अगदी जुना असेल तर 'सिमसिटी २०००' शोधा. शेतीचा ओढा असेल तर एरिक बॅरोन यांनी चारएक वर्षं एकट्याने घडवलेला 'स्टारड्यू व्हॅली' आहे, त्याच्यावर वेगळं लिहायला हवं.

आणि दर अर्ध्या तासाने सेव्ह करा. काकांच्या ऑफिसातल्या संगणकावर बसून मी सलग दोन रविवार एक बंदर वसवलं होतं. पहिल्या रविवारी सेव्ह करायचं सुचलं. दुसऱ्या रविवारी धक्क्यावर पहिलं जहाज लागत होतं, आणि वीज गेली.

मुलांना द्यावा का?

नऊ-दहा वर्षांपासून जरूर. फक्त पहिले काही दिवस शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. चूक त्यांची त्यांना सापडू द्या. वेळेचं मात्र बंधन हवं, कारण 'एवढा एक चौक नीट करतो' म्हणता म्हणता मध्यरात्र होते. हे मोठ्यांनाही लागू आहे. घड्याळ समोर ठेवा.

एक शहर किती दिवस चालवायचं?

मन भरेपर्यंत. माझं सगळ्यात जुनं शहर 'स्कायलाइन्स'मधलं, २०१६ सालचं. मध्ये तीन वर्षं उघडलंही नव्हतं. परवा उघडलं, काळ सुरू केला आणि ट्राम जिथे थांबल्या होत्या तिथून निघाल्या. त्या शहराचा पहिला रस्ता मी नदीच्या वळणाने काढला होता, दोनपदरी, कारण तेव्हा त्याहून जास्त पैसे नव्हते. आता दोन्ही बाजूंना वीस मजली इमारती आहेत आणि सकाळच्या बस तिथे हमखास अडकतात. तो पाडून सरळ, रुंद करणं पाच मिनिटांचं काम आहे. मी टेकडीच्या पलीकडून बोगदा काढला आणि बस तिकडून वळवल्या.

जुन्या रस्त्याकडेला आता झाडं लावतो आहे.